सणाची उरलेली कोंबडी आणि तिचे भानोले

होळीचा दुसरा दिवस म्हणजे धुळवड. महाराष्ट्रातील मांसाहारी कुटुंबांत या दिवशी कोंबडी किंवा मटण होणे जवळजवळ ठरलेलेच असते. सणाच्या स्वयंपाकाचा अंदाज सहसा जास्तीचा धरला जातो. पाहुणा दारी आला आणि पातेले रिकामे निघाले, यासारखी नामुष्की नाही, अशी आपली समजूत आहे. परिणामी पंगत उठली तरी पातेल्यात बराच रस्सा व तुकडे शिल्लक राहतात. ते पातेले झाकून चुलीच्या कडेला ठेवले जाते आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ‘एक उकळी काढून’ पुन्हा वाढले जाते. शिळ्या रश्श्याला चव अधिक, असेही कौतुकाने म्हटले जाते.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या घरी हेच घडले. धुळवडीचा रस्सा रात्रभर पातेल्यात राहिला. सकाळी आजीने उकळी काढून तो भाकरीबरोबर सर्वांना वाढला. तीन तासांच्या आत घरातील सहाजणांना उलट्या सुरू झाल्या. मोठी माणसे संध्याकाळपर्यंत सावरली. परंतु तीन वर्षांच्या पुतणीस प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन सलाईन लावावे लागले. त्यानंतर दोन दिवस आजी एकच वाक्य बोलत होती, “अरे, उकळी काढली होती की मी.”

तिने खरोखरच उकळी काढली होती. मग चुकले कोठे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गृहिणीस आणि गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. ते या लेखात दिले असून, उरलेल्या कोंबडीपासून करता येण्याजोग्या भानोले या रुचकर व पौष्टिक पदार्थाची कृतीही सोबत दिली आहे.

टाकून देण्याजोगी वस्तू नव्हे

परसातील गावठी कोंबडा खाण्याजोगा होण्यास पाच-सहा महिने लागतात. तेवढ्या काळात त्यास दाणापाणी घालावे लागते, मुंगूस व मांजरापासून राखावे लागते आणि रोगाची लस टोचून घ्यावी लागते. एवढे करून दीड किलो जिवंत वजनाच्या पक्ष्यापासून साफ केलेले मांस साधारण एक किलो मिळते आणि त्यातही हाडांचा वाटा बराच असतो. अशा मांसाचा चौथा हिस्सा उकिरड्यावर जाणे म्हणजे महिना-दीड महिन्याची राखण व दाणा वाया जाणे होय.

तथापि, वाया जाऊ नये म्हणून बिघडलेले अन्न खाणे हा त्याहून महागाचा व्यवहार आहे. दवाखान्याचा एक दिवसाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि लहान मुलाच्या जिवाचा घोर यांच्यापुढे अर्ध्या कोंबडीची किंमत ती काय? म्हणून उरलेले टाकावे की खावे, असा प्रश्न उभाच राहू नये, अशी तजवीज आधी करणे हाच खरा उपाय आहे.

उकळी काढूनही अन्न का बाधते?

अन्न बिघडवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ५ अंश सेल्सिअसच्या खाली ते जवळजवळ निपचित पडून राहतात आणि ६० अंशांच्या वर त्यांची वाढ थांबते. या दोहोंमधील उष्णतामान त्यांना मानवते आणि नेमके तेच आपल्या स्वयंपाकघराचे उष्णतामान असते. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने दुपारी एक वाजता असलेल्या एका जंतूचे दोन वाजता आठ, तीन वाजता चौसष्ट आणि रात्री नऊ वाजता १ कोटी ६७ लाखांहून अधिक होतात. हा कागदावरचा हिशेब असला, तरी वाढीचा वेग किती भयंकर असतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता सणाचे पातेले डोळ्यांपुढे आणावे. ते मोठे व खोल असते, त्यातील रस्सा दाट असतो आणि वर झाकण असते. असा रस्सा कडेने लवकर निवतो, परंतु मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाच्या जंतूंचे बीजाणू पहिल्या उकळीतही मरत नाहीत. रस्सा कोमट होताच ते रुजतात आणि त्या दाट, हवा कमी असलेल्या अन्नात झपाट्याने वाढतात. दुसरे जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हे माणसाच्या नाकात, कातडीवर व विशेषतः पिकलेल्या जखमेत असतात आणि वाढणाऱ्याच्या हातावाटे निवलेल्या अन्नात उतरतात. ते अन्नात एक प्रकारचे विष तयार करतात.

सकाळच्या उकळीचे अपयश दोन कारणांनी संभवते. पहिले असे की, दाट रश्श्याच्या कडेला बुडबुडे दिसू लागले की आपण त्यास उकळी समजतो. परंतु त्या वेळी मधला भाग व तुकड्यांचा गाभा कोमटच असू शकतो. तेथील जंतू जिवंत राहतात आणि पोटात जातात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रस्सा पुरता उकळला आणि जंतू मेले, तरी स्टॅफिलोकॉकसने आधीच सोडलेले विष उकळीने नाहीसे होत नाही. खाल्ल्यापासून अर्धा तास ते आठ तासांच्या आत उलट्या होतात त्या बहुधा या प्रकारच्या विषामुळे. अशा अन्नास वास येत नाही, ते आंबत नाही, चवही बदलत नाही. म्हणून वास घेऊन किंवा चाखून अन्नाची परीक्षा करणे व्यर्थ आहे.

यावरून आजीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. चूक सकाळच्या उकळीत नव्हती. ती आदल्या दिवशी दुपारीच होऊन गेली होती.

निर्णय पंगतीपूर्वी घ्यावा

शिजलेली कोंबडी कोमट अवस्थेत दोन तासांपेक्षा अधिक काळ राहू देऊ नये. हवेचे उष्णतामान ३२ अंशांहून अधिक असेल, तर ही मर्यादा एका तासाची समजावी. धुळवड फाल्गुन वद्य प्रतिपदेस येते आणि त्या वेळी राज्याच्या बहुतेक भागांत दुपारचे उष्णतामान ३२ अंश ओलांडून जाते. म्हणून सणापुरता एक तासाचाच नियम लक्षात ठेवावा.

पंगत, गप्पा व पान-सुपारी यांत हा तास सहज निघून जातो. याकरिता पहिले पान वाढण्यापूर्वीच, रस्सा चुलीवर उकळत असताना, लागेल असे वाटते त्याहून जास्तीचा भाग स्वच्छ पळीने वेगळ्या पातेल्यात काढून घ्यावा. पुढे पाहुणे वाढले, तर तो उपयोगी पडतोच. न वाढल्यास त्या भागास पंगतीतील हात, पळ्या व माश्या यांचा स्पर्श झालेला नसतो. ताटात वाढून उरलेले अन्न मात्र कधीही परत साठवू नये.

काढून ठेवलेल्या भागाची पुढील व्यवस्था घरातील सोयीप्रमाणे दोन प्रकारे करता येते.

फ्रीज असलेल्या घरी : तुकडे व रस्सा पसरट भांड्यात दोन इंचांपेक्षा अधिक थर होणार नाही अशा रीतीने ओतावा. भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून वरचेवर ढवळावे. वाफ गेली की एका तासाच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. खोल पातेले जसेच्या तसे फ्रीजमध्ये ठेवल्यास ते आतून कित्येक तास कोमट राहते, म्हणून पसरट भांड्याचा आग्रह आहे. अशा रीतीने ठेवलेली कोंबडी तीन दिवसांच्या आत संपवावी. वीज गेल्यास फ्रीज उघडू नये. बंद फ्रीजमधील गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून अधिक वेळ वीज नसल्यास ती कोंबडी खाऊ नये.

फ्रीज नसलेल्या घरी : येथे रात्रभर टिकवण्याचा मोह धरूच नये. काढून ठेवलेले पातेले मंद निखाऱ्यांवर झाकून ठेवावे आणि रस्सा सतत हलके हलके खदखदत राहील एवढी आच कायम राखावी. मधूनमधून ढवळून, आटल्यास उकळते पाणी घालावे. यामुळे रस्सा ६० अंशांच्या वरच राहतो व जंतूंना वाढीस अवसर मिळत नाही. गावठी किंवा अंडी देणे बंद झालेल्या कोंबडीचे चिवट मांस या मंद आचेवर चांगले मऊही होते. दिवस मावळण्याच्या सुमारास त्याचे भानोले करून त्याच रात्री संपवावे.

माठाशेजारी किंवा ओल्या कापडात गुंडाळून ठेवलेले मांस टिकते, हा समज चुकीचा आहे. विटा व वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष भाजीपाला व फळांसाठी उत्तम आहे. परंतु तो ५ अंशांपर्यंत थंड होत नाही. त्यात शिजलेले मांस ठेवू नये.

भानोले

वर-खाली निखारे ठेवून पदार्थ भाजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. विदर्भातील रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा व कोंबडी मडक्यात घालून, भांबुर्डीच्या पाल्यासह पोपटी लावतात. मुंबई, ठाणे व रायगड या भागांतील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत कोलंबीचे व कोबीचे भानोले प्रसिद्ध आहे. परदेशांतही सणाचे उरलेले मांस भाजून खाण्याची प्रथा आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणास टर्की पक्षी शिजवतात व उरलेले मांस दुसऱ्या दिवशी मैद्याच्या पारीत भरून भट्टीत भाजतात. आपल्याकडे भट्टी नसली, तरी पसरट पातेले, जड झाकण व चार निखारे यांवर तेच काम होते.

भानोल्याचा विशेष गुण त्याच्या आकारात आहे. मिश्रणाचा थर दीड इंचाचा असतो व उष्णता वरून आणि खालून अशी दोन्हीकडून मिळते. त्यामुळे उष्णतेला गाभ्यापर्यंत पाऊण इंचच जावे लागते. खोल पातेल्यातील दाट रश्श्याच्या तुलनेत हा पदार्थ आतपर्यंत खात्रीने तापतो.

साहित्य (आठ माणसांसाठी) :
शिजलेली कोंबडी, हाडे काढून – ५०० ग्रॅम
त्याच कोंबडीचा दाट रस्सा – १ वाटी
चण्याचे पीठ – १५० ग्रॅम
तांदळाचे पीठ – ५० ग्रॅम
अंडी – २
कांदे, मोठे – ३
शेवग्याचा कोवळा पाला – १ वाटी
ओले खोबरे, किसून – अर्धी वाटी
आले-लसूण वाटून – १ मोठा चमचा
हिरव्या मिरच्या, कोथिंबीर – आवडीप्रमाणे
हळद – अर्धा चमचा
तेल – पाव वाटी
मीठ – चव पाहून. रश्श्यात मीठ असतेच, हे विसरू नये.

कृती :
(१) हात साबणाने धुवावेत. बोटास जखम किंवा गळू असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. हाडे काढून मांसाचे नखाएवढे तुकडे करावेत. बारीक हाडे राहू देऊ नयेत, कारण लहान मुलांच्या घशात ती अडकण्याचा संभव असतो.

(२) कांदे, मिरच्या, कोथिंबीर व शेवग्याचा पाला बारीक चिरावा. त्यात मीठ घालून दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे कांद्यास पाणी सुटते.

(३) त्यात दोन्ही पिठे, हळद, आले-लसूण, खोबरे, फेटलेली अंडी व निम्मे तेल घालून कालवावे. नंतर मांस घालावे व लागेल तसा रस्सा घालीत जावा. मिश्रण थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल व भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट असावे. पातळ झाल्यास भानोले मध्यभागी कच्चे राहते. मिश्रण कालवल्यानंतर ते ठेवून न देता लगेच भाजावे.

(४) जाड बुडाच्या पसरट पातेल्यास किंवा लंगडीस उरलेल्या तेलापैकी बरेचसे तेल लावून ते तापवावे. मिश्रण ओतून दीड इंचाचा सारखा थर करावा व वर राहिलेले तेल सोडावे. पितळेचे भांडे वापरायचे असल्यास त्यास कल्हई असलीच पाहिजे.

(५) चुलीतील जळती लाकडे ओढून घ्यावीत व खाली थोडेच निखारे ठेवावेत. पातेल्यावर सपाट, जड झाकण ठेवून त्यावर खालच्यापेक्षा अधिक निखारे पसरावेत. खालची आच जास्त झाल्यास बूड करपते व वरचा भाग पांढरा राहतो. गॅसच्या शेगडीवर करावयाचे झाल्यास पातेल्याखाली लोखंडी तवा ठेवून आच मंद ठेवावी आणि पाऊण भाजल्यावर परातीच्या साहाय्याने भानोले उलटावे. विजेची भट्टी असल्यास १८० अंशांवर चाळीस मिनिटे पुरतात. निखाऱ्यांचे काम बंद खोलीत करू नये. त्यांचा वायू घातक असतो.

(६) चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांनी बरोबर मध्यभागी सुरी खुपसून पाहावी. ती कोरडी व हातास चटका बसेल इतकी तापून निघाली, तर भानोले झाले असे समजावे. उष्णतामापक उपलब्ध असल्यास मध्यभागी ७४ अंश भरले पाहिजेत.

(७) दहा मिनिटे थांबून वड्या कापाव्यात व गरम असतानाच भाकरी, चटणी व कांद्याबरोबर वाढाव्यात. कडेचा खमंग, लालसर भाग मुलांना विशेष आवडतो. उरलेल्या वड्यांनाही तासाचाच नियम लागू आहे. फ्रीज असल्यास त्या दुसऱ्या दिवशी तव्यावर पुरत्या तापवून एकदाच खाव्यात.

वरील साहित्यापासून प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे २० ग्रॅम प्रथिने येतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनांची गरज असते. यावरून एका जेवणात तिची दोन-पंचमांशाहून अधिक गरज भागते, हे दिसून येईल. घरात सर्वांच्या मागून जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास बहुधा नुसता रस्सा उरतो. भानोले वड्या मोजून वाढता येत असल्याने तिचा वाटा आधीच बाजूला काढता येतो, हाही एक मोठा लाभ आहे.

आणखी काही सूचना

आजारी किंवा आपोआप मेलेली कोंबडी सणासाठी कापू नये व कोणास देऊही नये. बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता. अनेक पक्षी एकाएकी मरू लागल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

कच्चे मांस कापलेली सुरी व पाट साबणाने धुतल्यावाचून शिजलेल्या मांसास लावू नये. साल्मोनेला जंतू बहुधा या मार्गाने शिजलेल्या अन्नात येतात. सणाचा उरलेला भातही रात्रभर उघड्यावर ठेवू नये. त्यातील काही जंतूंचे विषही फोडणी दिल्याने जात नाही.

हाडे व उरलेले रश्श्याचे अन्न आपल्या कोंबड्यांना घालू नये, त्यामुळे रोग पसरण्याचा धोका असतो. शिजलेली हाडे कुत्र्यांनाही देऊ नयेत. ती फुटून अणकुचीदार होतात. पिसे व हाडे कंपोस्टच्या खड्ड्यात खोल पुरावीत. पिसांत नत्राचे प्रमाण मोठे असते.

अन्न बाधल्यास

उलट्या-जुलाब सुरू होताच जलसंजीवनी पाजण्यास आरंभ करावा. आशा सेविकेकडे मिळणारी पुडी उत्तम. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांच्याबाबत अधिक सावध राहावे.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

हा विषय भाषणापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर पटतो. होळीपूर्वीच्या आठवड्यात महिला बचत गटाच्या बैठकीत पुढील प्रयोग करून दाखवावा. चण्याचे पीठ घालून रश्श्याइतके दाट केलेले पाणी उकळावे. त्यातील निम्मे खोल पातेल्यात झाकून ठेवावे व निम्मे दोन परातींत पसरून गार पाण्यावर ठेवावे. दर अर्ध्या तासाने दोहोंच्या मध्यभागी उष्णतामापक घालून अंक फळ्यावर लिहावेत. परातीतील मिश्रण झपाट्याने निवते आणि पातेल्यातील मिश्रण तासन्‌तास जंतूंना मानवेल असे कोमट राहते, हे भगिनींना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. दोन तासांच्या या अवधीत भानोलेही भाजून होते व बैठकीच्या अखेरीस वाटता येते.

प्रयोगानंतर तीनच गोष्टी सर्वांकडून म्हणवून घ्याव्यात : वाढण्यापूर्वी वेगळे काढावे, तासाच्या आत गार करावे किंवा खदखदत ठेवावे, आणि गाभ्यापर्यंत तापवून एकदाच खावे.

प्रस्तुत लेखकाच्या घरी आता धुळवडीस पहिले पान वाढण्यापूर्वी एक लहान पातेले निखाऱ्यांवर सरकवले जाते. ते काम आजीने स्वतःकडे घेतले आहे.